वय विचारायचे कुणी?

भारतीय प्रशासकीय सेवेच्या परीक्षेला बसायचे तर वय किमान २१ पूर्ण असावे लागते. त्यामुळे दरवर्षी बावीस-तेवीस वर्षांची मुले-मुली मसुरीच्या अकादमीत दाखल होतात आणि दोनेक वर्षांत कुठल्यातरी उपविभागात दंडाधिकारी म्हणून खुर्चीवर बसतात. माझ्या बॅचचा एक मित्र पंजाब केडरमध्ये गेला. अगदी सुरुवातीच्या काळात त्याला दारूच्या ठेक्यांच्या लिलावावर देखरेखीसाठी बसवण्यात आले. लिलाव आटोपल्यावर तिथल्या एका मुरलेल्या कारकुनाने त्याला हळूच सांगितले, "साहेब, आज ज्या दुकानांचे ठेके गेले त्यांतल्या एकाही दुकानाला कायद्याने तुम्हाला बाटली विकता येणार नाही. अजून दोन वर्षे थांबावे लागेल." मित्र तेव्हा २३ वर्षांचा होता. पंजाब अबकारी कायद्याच्या कलम २९ नुसार २५ वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकण्यास मनाई आहे. मित्र पूर्ण निर्व्यसनी, त्यामुळे अडचण काहीच नव्हती. पण हा किस्सा तो पुढे तीस वर्षे सांगत असे.

२५ हा आकडा आपल्या घटनेतही भेटतो, पण तिथे तो लोकसभेची किंवा विधानसभेची निवडणूक लढवण्यासाठीचे किमान वय म्हणून. मतदानाचे वय ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ साली २१ वरून १८ वर आणले गेले. करार करायला, मालमत्ता विकायला, गाडी चालवण्याचा परवाना घ्यायला १८ पुरते. म्हणजे दिल्ली किंवा पंजाबातला नागरिक आमदार होण्यास पात्र ठरतो त्याच दिवशी बिअरची बाटली विकत घेण्यासही पात्र ठरतो. यात विनोद आहे खरा, पण नुसता विनोद म्हणून तो सोडून देता येत नाही.

ही परिस्थिती का आली याचे उत्तर घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. राज्यसूचीतील आठव्या नोंदीने मादक पेयांचा विषय राज्यांकडे दिला आहे, आणि त्यांवरील उत्पादन शुल्क ५१ व्या नोंदीने. साहजिकच प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, वय वेगळे, शिक्षा वेगळी. राजस्थानात आणि पुदुच्चेरीत १८. उत्तर प्रदेश, तामिळनाडू आणि पश्चिम बंगालमध्ये २१. केरळमध्ये २३ (हे २०१७ साली २१ वरून वाढवले गेले). दिल्ली, पंजाब आणि चंडीगडमध्ये २५. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, तर व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यासाठी २५. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदीच असल्याने प्रश्न उद्भवू नये, पण गुजरातेत रहिवाशाला प्रकृतीच्या कारणास्तव मिळणारा परवाना चाळिशी ओलांडल्यावरच मिळतो, म्हणजे वय तिथेही आहेच. दिल्ली मेट्रोच्या निळ्या मार्गावर न्यू अशोक नगर हे दिल्लीतले स्थानक आहे आणि त्यापुढचे नोएडा सेक्टर १५ हे उत्तर प्रदेशातले. या दोन स्थानकांच्या मध्ये तीन-चार मिनिटांचा प्रवास आणि कायद्याची चार वर्षे आहेत.

अमेरिकेतही हा विषय राज्यांचाच होता. तिथे १९८४ साली केंद्राने कायदा केला, की जे राज्य २१ वर्षांची मर्यादा लावणार नाही त्याच्या महामार्ग निधीत कपात होईल. काही वर्षांतच सर्व राज्ये एका आकड्यावर आली. आपल्याकडे केंद्राच्या हातात असा चिमटा नाही. पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्याही बाहेर ठेवले गेले आहे, कारण राज्ये हा महसूल सोडायला तयार नव्हती. महसुलाचा हा मुद्दा वयाच्या प्रश्नातही शिरतो. त्याकडे नंतर येतो.

कायद्यातल्या या वयाच्या रेषा प्रत्यक्षात दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली रेषा १८ ची. ती सर्व देशात एकच आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार १८ वर्षांखालील मुलास मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. (२००० सालच्या जुन्या अधिनियमात हीच शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती.) दुसरी रेषा २१, २३ किंवा २५ ची, आणि ती राज्याच्या अबकारी कायद्यातली. ती मुख्यतः परवानाधारक विक्रेत्याला बांधते. बहुतेक राज्यांत गुन्हा विकणाऱ्याचा असतो, पिणाऱ्या तरुणाचा नव्हे. महाराष्ट्र याला थोडा अपवाद आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, तो मुळात बंदीचा कायदा आहे आणि पिणे ही त्यातली सवलत. म्हणून पिणाऱ्याकडेही परवाना हवा. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना आणि देशीसाठी दोन रुपयांना मिळत आला आहे, आणि तो बहुतेकदा पिणाऱ्याला न दाखवताच बारच्या गल्ल्यावर फाडला जातो. विनापरवाना पिणे हा महाराष्ट्रात पिणाऱ्याचाही गुन्हा आहे, हे ऐकून पुण्या-मुंबईचे सुशिक्षित लोकही थक्क होतात.

मराठवाड्यातील एका जिल्ह्यात मी जिल्हाधिकारी असतांना, २००४ साली, बारावीच्या शेवटच्या पेपरच्या रात्री तीन मुले एका मोटरसायकलवरून परमिट रूममधून परतत होती. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी आदळली. एक मुलगा जागीच गेला. दुसऱ्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हा दुसरा मुलगा एसटीतल्या एका कंडक्टरचा. वय १७ वर्षे ४ महिने.

पंधरा-वीस दिवसांनी ते कंडक्टर सोमवारच्या भेटीच्या वेळेत माझ्याकडे आले. अंगावर खाकी गणवेशच होता, ड्यूटीवरून थेट आले होते. मदतीचा अर्ज असेल असे समजून मी स्वीय सहायकाला खुणावले, तर त्यांच्या हातात कागद नव्हता. ते म्हणाले, "साहेब, अर्ध्या तिकिटासाठी मी रोज पोरांचं वय विचारतो. आई म्हणते अकरा, पोरगं म्हणतं तेरा. दोन-चार रुपयांचा फरक असतो, पण विचारावं लागतं. नाही विचारलं अन् तपासणी पथक चढलं तर केस माझ्यावर होते. माझ्या पोराला तिथं कुणी वय विचारलं का, तेवढंच मला सांगा. त्याची चूक आहे, ती मी त्याला सांगीन. पण त्याला कुणी विचारलं का?"

मी राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना त्या परमिट रूमचे दप्तर घेऊन बोलावले. त्या रात्रीचे त्रेचाळीस एकदिवसीय परवाने फाडलेले होते. सगळे एका हस्ताक्षरात, एका शाईत. एकच नाव तीन ठिकाणी. कुणाच्या जन्मतारखेचा पुरावा पाहिल्याची कुठे खूण नव्हती. एफएल-तीन अनुज्ञप्ती एका वृद्ध बाईंच्या नावावर, त्या राहायला दुसऱ्याच शहरात. धंदा चालवणारा वेगळा. नोकरनाम्यावर व्यवस्थापकाचे नाव होते. मुलांना टेबलावर बाटली आणून देणाऱ्या वेटरचे नव्हते. तो वेटर स्वतः १९ वर्षांचा होता. जबाबात त्याने सांगितले होते, "दिसायला थोराड होते. आणि आम्हाला वय विचारायला कुणी सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक उठून गेलं तर पगारातून कापतात." हे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. वेटरला कायद्याची भीती वर्षातून एखादे दिवशी वाटावी आणि मालकाची रोज, अशी ती व्यवस्था होती. अशा व्यवस्थेत तो कुणाचे ऐकेल हे सांगायला अबकारी कायदा वाचावा लागत नाही.

पोलिसांनी बाल न्याय अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला, आरोपी दोन: वेटर आणि व्यवस्थापक. अनुज्ञप्तीचे प्रकरण कलम ५४ खाली माझ्यापुढे चालले. वकिलांचे म्हणणे असे, की चूक एका नोकराची आहे, दर्शनी भागात "२१ वर्षांखालील व्यक्तींना मद्य मिळणार नाही" असा फलक लावलेला आहे, आणि अनुज्ञप्तीधारक तडजोड रक्कम भरायला तयार आहे. कायद्याच्या कलम १०४ मध्ये अशी सोय आहे, की अनुज्ञप्ती निलंबित करण्याऐवजी रक्कम घेऊन प्रकरण मिटवता येते. ही सोय वाईट नाही. मोजमापातली तफावत, नोंदवहीतली चूक, उशिरा बंद केलेले दार अशा गोष्टींसाठी ती योग्यच आहे. पण मुलांना दारू विकण्याच्या प्रकरणात तडजोड स्वीकारली की त्या गुन्ह्याला किंमत लागते, आणि किंमत कळली की व्यापारी ती खर्चात धरतो. मी तडजोड नाकारून तीस दिवसांसाठी अनुज्ञप्ती निलंबित केली. अपिलात ते पंधरा दिवस झाले आणि उरलेल्या पंधरा दिवसांची तडजोड झाली. पुढल्या ३१ मार्चला नूतनीकरणही रीतसर झाले.

फौजदारी खटला चार वर्षे चालला. मी तोवर दिल्लीला प्रतिनियुक्तीवर गेलो होतो, पण निकालाची प्रत मागवून घेतली. दोन्ही आरोपी निर्दोष सुटले, कारण मुलाचे वय शाबीत झाले नाही. शाळा सोडल्याचा दाखला कागदपत्रांत होता, पण जनरल रजिस्टर घेऊन मुख्याध्यापकांना साक्षीला आणले गेले नाही. दुकानात कुणी वय विचारले नाही, आणि न्यायालयात कुणी ते सिद्ध केले नाही. वेटर सुटला याचे मला वाईट वाटले नाही. ज्याच्या फायद्यासाठी बाटली टेबलावर गेली तो माणूस आरोपींच्या यादीत मुळात नव्हताच.

या प्रकरणानंतर जिल्ह्यात मी एक छोटी गोष्ट केली. उत्पादन शुल्कच्या दुय्यम निरीक्षकांच्या मासिक विवरणपत्रात महसुलाचे उद्दिष्ट व वसुली, हातभट्टीवरील छापे, जप्त मुद्देमाल, वाहने, असे रकाने असत. अल्पवयीनांना विक्रीचा रकाना नव्हता. तो घातला. पहिल्या महिन्यात सगळ्या तालुक्यांतून "निरंक" आले. दुसऱ्या महिन्यातही निरंक. तिसऱ्या महिन्याच्या बैठकीत मी दोन महाविद्यालयांची आणि त्यांच्या शंभर-दोनशे मीटरवरच्या परमिट रूमची नावे वाचून दाखवली, तेव्हापासून आकडे येऊ लागले. सरकारी खात्यात जे मोजले जात नाही ते केले जात नाही, हे मी अनेक खात्यांत पाहिले आहे. इथे त्याला आणखी एक पदर होता. ज्या निरीक्षकाने महसुलाचे उद्दिष्ट गाठायचे, त्यानेच गिऱ्हाईक परत पाठवायला लावायचे. दोन्ही कामे तो प्रामाणिकपणे करील अशी अपेक्षा आपण ठेवतो, पण वार्षिक गोपनीय अहवालात त्याचे मूल्यमापन पहिल्याच कामावर होते. तामिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री शासनाच्याच महामंडळाकडे आहे, केरळमध्येही बाटलीबंद विक्री मुख्यतः सरकारी दुकानांतून होते. तिथे तर विकणारा आणि अडवणारा यांचा मालक एकच. त्यामुळे वय तपासणे तिथे सर्वांत सोपे असायला हवे असे मला नेहमी वाटत आले आहे.

पुढे एका प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जाणे झाले. आमच्यातल्या एकाने सुपरमार्केटमध्ये वाइनची बाटली घेतली. गल्ल्यावर सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती. तिने बाकीचे सामान झटझट पुढे सरकवले आणि बाटली हातात येताच दिवा लावून पर्यवेक्षिकेला बोलावले. तिथल्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील कर्मचारी दुकानात काम करू शकतो, पण मद्याच्या प्रत्येक विक्रीला वरिष्ठाची संमती लागते. पर्यवेक्षिका आली, आमच्या पन्नाशीच्या मित्राकडे पाहून हसली, मान डोलावून गेली. तिथे मद्य विकत घेण्याचे वय १८ आहे, मात्र दुकानांनी पाळलेला दंडक असा, की जो २५ पेक्षा लहान दिसेल त्याच्याकडे ओळखपत्र मागायचे. गल्ल्यावर तसा फलकही असतो. मला हे फार सयुक्तिक वाटले. "दिसायला थोराड होता" ही सबबच तिथे उरत नाही, कारण १७ वर्षांचा मुलगा १९ चा दिसू शकतो, सहसा २५ चा दिसत नाही. त्यांनी २५ हा आकडा प्रश्न विचारण्यासाठी वापरला. आपण तो मनाईसाठी वापरला आणि प्रश्न विचारायचा राहून गेला. शिवाय तिथे अधिकारी १८ खालील स्वयंसेवकाला दुकानात पाठवून परीक्षा घेऊ शकतात आणि कायद्याने त्याला संरक्षण आहे. आपल्याकडे असे करायचे म्हटले तर बाल न्याय अधिनियमाखाली अधिकाऱ्यावरच गुन्हा दाखल होईल की काय, अशी शंका एका विधी अधिकाऱ्याने मला गंभीरपणे बोलून दाखवली होती. शंका अगदीच निराधार नाही.

असो. वयाचा वाद आपल्याकडे अधूनमधून न्यायालयांतही गेला आहे. पंजाब अबकारी कायद्याचे कलम ३० असे होते, की जिथे लोक बसून मद्य पितात तिथे कोणत्याही स्त्रीला अथवा २५ वर्षांखालील पुरुषाला नोकरीवर ठेवता येणार नाही. दिल्लीत लागू असलेले हे कलम अनुज गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये घटनाबाह्य ठरवले. हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या सज्ञान मुला-मुलींना त्यांच्याच संरक्षणाच्या नावाखाली नोकरी नाकारणे न्यायालयाला मान्य झाले नाही. निर्णय मला पटतो. मात्र त्याचा एक परिणाम असा, की बारमध्ये वय विचारण्याचे काम आता कायदेशीररीत्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडे येऊ शकते, आणि त्याला ते शिकवण्याची जबाबदारी कुणावर हे कुठे लिहिलेले नाही. महाराष्ट्रातील २५ च्या अटीला अभिनेते इम्रान खान यांनी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. त्या बातम्यांमुळे ही अट अस्तित्वात आहे हे अनेकांना प्रथमच समजले. हरियाणाने डिसेंबर २०२१ मध्ये कायदा बदलून वय २५ चे २१ केले. दिल्ली सरकारनेही २०२१ च्या नव्या धोरणात २१ जाहीर केले होते, पण ते धोरण पुढच्या वर्षी मागे घेतले गेले आणि कायद्यातले २५ कायम राहिले. कर्नाटकाने जानेवारी २०२३ मध्ये २१ चे १८ करण्याचा मसुदा काढला आणि हरकतींचा पाऊस पडताच मागे घेतला. या सगळ्या चर्चा आकड्याभोवती फिरल्या. माझे मत विचाराल तर सर्व देशात २१ असावे. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते असे वैद्यकशास्त्र सांगते, म्हणून १८ मला कमी वाटते. आणि जो नियम बहुतेक सज्ञान तरुण मोडतातच तो बाकीच्या नियमांचाही आदर घालवतो, म्हणून २५ जास्त वाटते. पण या मताला मी फार महत्त्व देत नाही. न विचारलेल्या २५ पेक्षा विचारलेले २१ बरे, आणि विचारलेले १८ सुद्धा बरे.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या हातातील पोर्शे गाडीने मोटरसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते मरण पावले, तेव्हा हे सारे पुन्हा वर आले. मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला यावर देशभर संताप झाला. मद्य दिल्याच्या आरोपावरून बारचे मालक व व्यवस्थापक यांच्यावर बाल न्याय अधिनियमाखाली गुन्हे नोंदवले गेले आणि बारना टाळे लागले. मालकांपर्यंत हात पोचला हा २००४ च्या तुलनेत मोठाच फरक. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आले आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत वाहन परवाना नाही. पुन्हा तोच २५ चा आकडा. शिक्षा पुरेशा आहेत. त्यांत आणखी वाढ मागणाऱ्यांशी मी सहमत नाही. शिक्षा वाढल्या की पुरावाही तितकाच कडक लागतो, आणि पुरावा तर मुख्याध्यापकांच्या रजिस्टरपाशीच अडकतो.

आता विक्रीची जागाही बदलते आहे. टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, महाराष्ट्रासह काही राज्यांनी मद्य घरपोच देण्यास परवानगी दिली. तिथे वय विचारायचे कुणी? दाराशी बाटली घेऊन उभा असलेला मुलगा वीस-बावीस वर्षांचा असतो. दार उघडणाऱ्याने ओळखपत्र दाखवले नाही तर त्याने माल परत न्यायचा, आणि ती फेरी बहुधा त्याच्याच पदरी. मालकाच्या भीतीने गप्प बसलेला तो वेटर आणि हा मुलगा यांच्या स्थितीत मला फारसा फरक दिसत नाही. वय न पटल्याने परत नेलेल्या मागणीचा खर्च अनुज्ञप्तीधारकाने सोसावा, त्या फेरीचा मोबदला मुलाला पूर्ण मिळावा, आणि परत आलेल्या मागण्यांची नोंदवही ठेवावी, एवढी अट घालायला विधिमंडळात जावे लागत नाही. अनुज्ञप्तीच्या नमुन्यात एक परिच्छेद वाढवावा लागेल, आणि दुय्यम निरीक्षकाच्या विवरणपत्रात एक रकाना. पहिले दोन महिने तो निरंक येईल.